साहेबांच्या गालांचा नकाशा

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पत्ता मी मुद्दाम जावयांकडून लिहून घेतला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच कपाटात टाकलं असतंस. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

लेकीला मुलगी झाली. आज अकरा दिवस झाले. तू मोठी मावशीआजी झालीस, आणि हे तुला नऊ वर्षं न बोलणाऱ्या बहिणीकडून कळावं याचं मला वाईट वाटतं. फोन करणार होते, पण फोनवर आपण भांडतो. कागदावर निदान तुला मधे बोलता येत नाही.

मुलगी गुटगुटीत आहे. नाव चांगलं ठेवलंय, पण जावयांनी पहिल्याच दिवशी तिला ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. कारण ती कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे असं बघते, की आपलं काम अजून पुरं झालेलं नाही असं वाटतं. 

पत्राचं खरं कारण असं, की साहेबांच्या नाकावर पांढरे दाणे आलेत. मोहरीपेक्षाही बारीक. शिवाय पोटावर लाल ठिपके उठतात, दुपारपर्यंत जातात आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर उगवतात. लेक घाबरून गेलीय. तू लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलीस, म्हणून विचारते. आपल्यात जे झालं ती अगदी क्षुल्लक गोष्ट होती आणि मी ती केव्हाच विसरले.

तुझी धाकटी


२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘दाणे आपोआप जातील, दाबू नका. ठिपकेही जातील. ताप आला किंवा दूध पिईनाशी झाली तर लगेच डॉक्टरकडे न्या. बाळाचं लिहीत जा, बाकीचं नको.’ चार वाक्यं. पूर्वी तू औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा याहून लांब लिहायचीस. असो. दाणे गेले, ठिपके गेले, लेकीने कार्ड आरशाला अडकवून ठेवलंय.

आता बाळाचंच लिहिते. साहेबांच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरल्यात. ब्रेडवर लोणी लावून वाळवावं तसं दिसतं. मी बारीक कंगव्याने काढायला गेले तर लेकीने माझा हात धरला. तिचं बरोबर होतं, खाली कातडी लाल झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, साधं तेल लावून मऊ होऊ द्या, मग मऊ ब्रशने हलकेच. खरवडायचं नाही. हे तुला ठाऊकच आहे. मी लिहिते एवढ्यासाठी, की तुला वाटायला नको आम्ही इथे नुसते हात बांधून बसलोय.

लंगोटाच्या जागीही लाली आली होती. ती जबाबदारी जावयांनी घेतली. हा माणूस जमीन मोजून नकाशे काढतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक लागतं. दर दोन तासांनी लंगोट बदलणं, कोमट पाण्याने टिपून घेणं, थोडा वेळ उघडं ठेवणं, मग मलमाचा जाड थर. उघडं ठेवण्याच्या वेळात साहेबांनी दोनदा त्यांच्या मोजणीच्या कागदांवर नदी काढली. तीन दिवसांत लाली गेली. 

आमचं तसंच चाललंय. खाली माझी साबणाची खोली, वर आम्ही. जिना चढता चढताच लव्हेंडरचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येतो. पोस्टमन म्हणतो, तुमच्या घरची पत्रं डोळे मिटूनही ओळखता येतात. हे पत्र हुंगून बघ.

धाकटी


२० ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू लिहिलंस की मागच्या पत्राला खरोखरच वास होता आणि तुला शिंका आल्या. म्हणजे हुंगलंस तर.

साहेब पावणेतीन महिन्यांच्या झाल्या. हसतात, हुंकार देतात, मी खोलीत आले की पाय झाडतात. लेक परत शाळेत शिकवायला जाऊ लागलीय, जावई आठला बाहेर पडतात, म्हणून सकाळची आंघोळ माझ्याकडे. दिवसातला तो अर्धा तास माझा सगळ्यात आवडता. पाण्यात धरलं की ती इतकी गंभीर होते, की मला हसू आवरत नाही.

पण गाल लाल झालेत. आधी वाटलं थंडीने, मग वाटलं लाळेने. आता कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागेही खरखरीत चट्टे आहेत. गाल ती माझ्या खांद्यावर घासत राहते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत सांगितलं, हा इसब. पुष्कळ मुलांना होतो, कुणाची चूक नसते, कातडीच जात्या कोरडी. आंघोळ थोडा वेळ, कोमट पाण्याने. मग अंग ओलसर असतानाच क्रीम भरपूर चोपडायचं. लोकरीचे कपडे थेट अंगाला नकोत. कुठलाच सुवासिक साबण नको. त्याऐवजी एका बाटलीतलं पांढरं, बिनवासाचं काहीतरी दिलंय. फेस नाही, वास नाही, रंग नाही. साबण करणाऱ्या बाईच्या हातात ते देणं म्हणजे सुताराला पुठ्ठ्याची खुर्ची देणं.

बाटली न्हाणीघरात ठेवलीय. वापर चालू आहे.

धाकटी


२८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मधे लिहायला जमलं नाही. मी आठ दिवस दुसऱ्या गावी साबणाच्या प्रदर्शनाला गेले होते. स्टॉल चांगला झाला. बाळांसाठीच्या वड्या, त्या लव्हेंडरच्या, पहिल्याच दिवशी संपल्या.

जावयांची एक गंमत सांगते. साहेबांचा इसब कमी-जास्त होतो, पण कधी, ते कुणालाच नक्की आठवत नाही. म्हणून त्यांनी पारदर्शक कागदावर साहेबांची आकृती काढली, ढेरपोट आणि गाल सगळं प्रमाणात, आणि रोज संध्याकाळी एका कागदावर लाल पेन्सिलीने चट्टे भरतात. तारखेनुसार गठ्ठा. डाव्या गालावरच्या चट्ट्याला ते बेट म्हणतात, कोपरातल्याला खाडी. लेक त्यांना हसली, पण परवा डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागद एकेक करून खिडकीवर धरले. सप्टेंबरचे कागद त्यांनी जुन्या फोटोंवरून भरले होते, ते जवळजवळ कोरे. ऑक्टोबर लाल. नोव्हेंबर लाल. मधे आठवडाभराचे कागद मात्र फिके होत गेलेले, बेट तर जवळजवळ बुडालेलं. मग पुन्हा लाल.

त्यांनी विचारलं, “या आठवड्यात वेगळं काय होतं?”

जावयांनी वही काढून पाहिली. दूध तेच, क्रीम तेच, घरातली ऊब तेवढीच. मग लेक हसून म्हणाली, “आई नव्हती.”

सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. मीही हसले. नंतर त्यांनी माझ्याकडे बघून आंघोळीला काय वापरता ते विचारलं आणि माझ्याआधी लेकच म्हणाली, तुम्ही दिलेली बाटली, आई अगदी नेमाने वापरते, तिसरी चालू आहे.

हवेचा फरक असेल. त्या आठवड्यात इथे पाऊस होता म्हणे.

धाकटी


४ डिसेंबर

ताई,

पाऊस नव्हता.

काल साहेबांच्या उजव्या कोपरातून पाणी यायला लागलं आणि त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली. अंग जरा गरम लागत होतं. ती दूध सोडून नुसती किरकिरत होती आणि हात माझ्या कपड्यांवर घासत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खाजवून कातडी फाटली, त्यात जंतू शिरले. वेळेवर आणलंत, आठवड्यात आटोक्यात येईल. औषध सुरू झालंय, आज ती बरी आहे, दूध प्यायली. हे आधी लिहिते, म्हणजे तू उगाच घाबरणार नाहीस.

आता दुसरं. ती बाटली मी एक दिवसही वापरली नाही.

माझ्या साबणाने कुणाला काही होणार नाही अशी माझी खात्री होती. पंचवीस वर्षं तो माझ्या हातांना लागतोय. साहेबांसाठी मी वेगळी वडी केली होती, छोटी, तिच्या मुठीएवढी, लव्हेंडर अगदी नावाला. डॉक्टरीणबाईंनी सुवासिक साबण नको म्हटलं तेव्हा मला राग आला. मनात म्हटलं, यांना बाजारचा माहीत आहे, माझा नाही. दार लावून मी रोज माझीच वडी लावत राहिले. वासाचा प्रश्नच नव्हता, घरभर तोच वास. आणि बाटली भरलेली दिसू नये म्हणून रोज त्यातलं थोडं मोरीत ओतून टाकत होते. तीन बाटल्या, ताई. मोरीला इसब झाला असता तर बरा झाला असता.

त्या दिवशी खिडकीवर ते कागद बघितले तेव्हाच मला कळलं होतं. फिके कागद मोजले, आठ होते. मी बाहेर होते आणि लेक बाटलीतल्याने आंघोळ घालत होती, ते दिवसही आठ. आणि मी हसले. घरी येऊन वडी फेकून द्यायची तर मी तीही फेकली नाही, म्हटलं अजून चार दिवस बघू, कदाचित दुसरंच काही असेल. त्याच आठवड्यात तिचं कोपर फुटलं.

वडी काल फेकली. कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

धाकटी


१२ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर चौथ्या दिवशी आलं. ‘मला सांगून काय उपयोग? हे कार्ड खाली ठेवायच्या आत लेकीला सांग.’ मी कार्ड हातात धरूनच गेले, कारण खाली ठेवलं असतं तर धीर सुटला असता.

ती वह्या तपासत होती. सगळं सांगितलं, मोरीसकट. वाटलं होतं ओरडेल. तिने लाल पेनाचं टोपण लावलं. मग विचारलं, “तिसरी बाटली आणायला मी पावसात गेले होते, तेव्हा तू काय करत होतीस?”

मी म्हटलं, “चहा ठेवला होता तुझ्यासाठी.”

“उद्यापासून आंघोळ मी घालीन,” ती म्हणाली. “संध्याकाळी, शाळेतून आल्यावर.” एवढंच. जावयांनी तर फक्त त्या संध्याकाळच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘साबण बंद.’ त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता संध्याकाळी न्हाणीघराचं दार लागतं आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभी असते. टॉवेल द्यायचं काम अजून माझ्याकडे आहे.

लेकीने परवा आणखी एक विचारलं. मावशीचं आणि तुझं नक्की काय झालं होतं? मी नेहमीचं सांगायला लागले, की माझ्या बाळसाबणाची पहिली जत्रा होती, भर गिऱ्हाइकांत मावशी एका तान्ह्या मुलाच्या आईला म्हणाली, ‘हा बाळाला लावू नका, यात सुवास फार आहे,’ आणि माझ्या पोटावर पाय दिला. लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मावशी बरोबर होती. एवढ्यावरून ती नऊ वर्षं बोलली नाही?”

तेव्हा मला पुढचं सांगावं लागलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट नाही. मी तुला म्हणाले होते, ‘तुला मूल नाही, तुला काय कळणार?’

तू हातातली पिशवी टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. मी मागून हाक मारली नाही. पहिल्या पत्रात मी क्षुल्लक गोष्ट लिहिलं, तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. ताई, ती क्षुल्लक नव्हती आणि मी विसरलेही नव्हते. माझं चुकलं. साबणाचंही चुकलं, पण ते नंतरचं.

तुझी
धाकटी


९ जानेवारी

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. मागत नाही. तूच म्हणाली होतीस बाळाचं लिहीत जा, म्हणून लिहिते.

कोपर भरून आलं. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यांवर लावायला सौम्य मलम दिलंय, पातळ थर, त्या सांगतील तितकेच दिवस. लेकीला त्याची फार भीती वाटते. कुणी तिला सांगितलं, याने कातडी पातळ होते. ती इतकं कमी लावते, की लावलं की नाही ते तिलाच पुन्हा बघावं लागतं. मी यात बोलत नाही. कातडीबद्दल बोलायचा माझा हक्क सध्या रजेवर आहे.

बाळांच्या वड्या मी दुकानांतून परत आणल्या. सात दुकानं. प्रत्येक ठिकाणी कारण विचारलं आणि प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं. पहिल्या दुकानात वाक्य तीनदा सुरू करावं लागलं, सातव्यात मी इतकी सराईत झाले होते, की दुकानदारीणबाईंनी बसवून घेतलं आणि त्यांच्या नातवाचे गाल दाखवले. ज्यांचे पत्ते होते त्या गिऱ्हाइकांना पत्रं टाकली. मोठ्यांच्या साबणावर नवीन चिठ्ठी छापून घेतलीय, ‘लहान मुलांसाठी नाही’. अक्षर चांगलं ठळक आहे. तुझा चष्मा नसला तरी दिसेल.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, बिनवासाचा साबण करून दिला तर? त्या समजुतीने म्हणाल्या, आजी, हिच्या कातडीला साबणच नको. म्हणजे नातीसाठी मला जे येतं ते करायचं नाही, हेच करायचं. साबण खूप केले, हे जमायला वेळ लागतोय.

साहेब पालथ्या पडायला लागल्या. पालथं पडून परत उताणं होता येत नाही याचा दोष त्या आम्हाला देतात.

धाकटी


१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी गाडी सुटून चार दिवस झाले, पण घरात तुझेच हुकूम चालू आहेत. नखं दर तिसऱ्या दिवशी कापणे. क्रीमचा डबा चमच्याने काढणे, बोटं घालायची नाहीत. जावयांनी ते टाइप करून भिंतीला लावलंय आणि खाली तुझी सही हवी होती म्हणून हळहळतायत.

तू न कळवता आलीस ते बरं केलंस. कळवलं असतंस तर मी दोन दिवस भाषण पाठ केलं असतं. दार उघडलं तर तू बॅग घेऊन उभी, केस पिकलेले, आणि नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर ‘हात धुवायला कुठे आहे?’ हात धुऊन तू मला ओलांडून सरळ पाळण्याकडे गेलीस. साहेबांनी आठ्या घातल्या. तूही घातल्यास. लेक माझ्या कानात म्हणाली, ही सवय कुणाकडून आलीय ते कळलं.

मलमाचं तू लेकीला किती सहज समजावलंस. तिच्याच बोटाच्या पेरावर मलमाची रेघ ओढून दाखवलीस, एवढं तिच्याच दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं, आणि म्हणालीस, “घाबरून कमी लावलंस तर जास्त दिवस लावावं लागेल.” मी तेच सांगितलं असतं तर तिने मला खाली साबणाकडे पाठवलं असतं. आठ दिवसांत कागद फिके झाले. मात्र हे पुन्हा येईल, जाईल, पुन्हा येईल, असं तू जाताना म्हणालीस ते मी लक्षात ठेवलंय. परवा थोडं आलंच, मानेखाली. कुणी रडलं नाही. जावयांनी पेन्सिलीला टोक केलं, लेकीने मलम घेतलं.

आपण भांडी पुसत होतो तेव्हा तू जे बोललीस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वॉर्डात लोक तुला विचारायचे, तुम्हाला मुलं किती, आणि तू पाटीवर बघून सांगायचीस, ‘आज एकोणीस.’ त्यावर मी हसले आणि मग मला हसता येईना. तू म्हणालीस, “ते वाक्य दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याच दिवशी विसरले असते. पण तू बोललीस.” आणि मग ताटली माझ्या हातात देऊन म्हणालीस, हिला डाग राहिलाय. मी पुन्हा धुतली. डाग नव्हता, तुला फक्त तोंड फिरवायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता आजचं. आज शाळेत काहीतरी कार्यक्रम, लेकीला यायला उशीर होणार होता. सकाळी चपला घालता घालता तिने सांगितलं, “आई, आज आंघोळ तूच घाल.” मी विचारलं, “मी?” तर ती म्हणाली, “दुसरं कोण आहे घरात?” आणि जिना उतरून गेली. मी कान देऊन ऐकत होते. पावलं कुठे थांबली नाहीत.

मी घड्याळ समोर ठेवलं. पाणी कोपराने तीनदा बघितलं. जे लावायचं ते, जेवढं सांगितलंय तेवढंच. साहेब गंभीरपणे बसल्या होत्या. मग त्यांनी पाण्यावर चापट मारली, पाणी माझ्या तोंडावर उडालं आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की मी पण भिजल्या अंगाने हसत बसले. सातव्या मिनिटाला बाहेर काढलं. टिपलं, चोपडलं, गुंडाळलं.

लेक सहाला आली. पर्ससुद्धा न ठेवता तिने मुलीला उचललं आणि तिच्या मानेत नाक खुपसून हुंगलं. सावकाश, दोन्ही बाजूंनी. मी चपातीला लाटणं लावून तशीच उभी.

“कसलाच वास येत नाहीये,” ती म्हणाली. “नुसता तिचाच येतोय.”

मी म्हटलं, “हो.”

पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, ताई. मला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

तुझी
धाकटी